शाळेचा निरोप आणि समाजाचे कर्तव्य

(उंबरमाळी येथील ज्ञातिमेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या मेळाव्यात मी शिक्षणाविषयी चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. शिक्षणाचे महत्त्व आपण पुष्कळ वेळा ऐकले आहे व ते न पटलेला गृहस्थ या मंडपात सापडणार नाही. म्हणून मी या विषयाचा एक लहानसाच भाग आपल्यापुढे ठेवतो. प्राथमिक शाळेचे वर्ष संपते, वरच्या वर्गातील मुले शाळेचा निरोप घेतात आणि जून महिन्यात त्यांनी दुसऱ्या शाळेत नाव घालावे अशी आपली अपेक्षा असते. या दोहोंच्या मध्ये जे पाच-सहा आठवडे जातात, त्यांविषयी मला बोलावयाचे आहे.

आपल्या भागात वर्षअखेरीचे दिवस मोठे गजबजलेले असतात. एप्रिल महिन्यात शेतावर राब भाजण्याचे काम चालू असते, रानात करवंदे पिकू लागतात, विहिरींनी तळ गाठलेला असतो. अशा उन्हात मुले परीक्षा देतात. मग एके दिवशी निरोपाचा समारंभ होतो. आंब्याचे तोरण लागते, पोषण आहार शिजविणाऱ्या बाया त्या दिवशी हौसेने गोडाचे करतात, सरपंच व शाळा व्यवस्थापन समितीचे सभासद येतात. वरच्या वर्गातील मुले वर्गणी काढून शाळेला घड्याळ किंवा तसबीर भेट देतात. भाषणे पाठ केलेली असली तरी डोळ्यांतील पाणी पाठ केलेले नसते. पुढे १ मे रोजी महाराष्ट्र दिनाचे ध्वजवंदन होते, गुणपत्रके वाटली जातात आणि शाळेला सुटी लागते. गावाला आपली शाळा आपली वाटते, ती या दिवसांत विशेष वाटते.

यानंतर मुलाच्या हाती पडतो तो शाळा सोडल्याचा दाखला. या कागदाचे मोल आपल्या ज्ञातीला आज नव्याने कळले आहे. जातीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणून आजोबा-पणजोबांचे नाव शोधत माणसे शाळेत येतात. जनरल रजिस्टरची जीर्ण पाने उलटतात व ‘कुणबी’ हा शब्द दिसला म्हणजे त्यांना धन मिळाल्याचा आनंद होतो. त्यात गैर काहीच नाही. परंतु त्याच रजिस्टरात आणखी एक रकाना असतो, तो कोणी वाचत नाही. तो रकाना म्हणजे ‘शाळा सोडण्याचे कारण’. जुन्या पानांवर त्यात ‘घरकाम’, ‘सतत गैरहजर’, ‘स्थलांतर’ असे शब्द भेटतात. आजोबांच्या नोंदीसाठी आपण दहा खेपा घालतो. मग नातवाचे नाव एका रजिस्टरातून उतरून दुसऱ्यात चढले की नाही, हे पाहण्यास एक खेप का घालू नये?

प्राथमिक शिक्षण सक्तीचे व्हावे ही मागणी आपल्याकडे नवीन नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन केले. निदान बारा वर्षे वयापर्यंत शिक्षण सक्तीचे करावे आणि प्राथमिक शाळेचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत, असे त्यांनी त्यात मांडले. शाहू छत्रपतींनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला. मुंबई इलाख्यासाठी १९४७ चा प्राथमिक शिक्षण कायदा झाला. १९६२ साली जिल्हा परिषदा स्थापन होऊन शाळा त्यांच्याकडे आल्या, आणि २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास शिक्षणाचा हक्क मिळाला. तो कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. एवढ्या प्रयत्नांनी शाळा गावाच्या दारी आली. आता प्रश्न गावच्या शाळेच्या पुढचा आहे.

शहापूर व मुरबाड तालुक्यांतील कित्येक वाड्यापाड्यांवरील शाळा चौथी किंवा पाचवीपर्यंतच आहेत. पुढे मुलाने दुसऱ्या गावी जावे लागते. उंबरमाळीच्या एका बाजूस खर्डी व दुसऱ्या बाजूस कसारा आहे. १८६५ साली थळ घाट ओलांडून गेलेला लोहमार्ग आपल्या उशाशी आहे, मुंबई-आग्रा रस्ता जवळ आहे. मुरबाडकर बांधवांना तर आगगाडीही नाही. टोकावडे, धसई, सरळगाव या बाजारगावांवर त्यांची सारी भिस्त. परंतु स्टेशनापासून दूर डोंगराच्या कुशीत जी वाडी आहे, तेथल्या दहा वर्षांच्या मुलीला ओढा ओलांडावयाचा असतो, आणि शाळा सुरू होते ती नेमकी पावसाबरोबर. त्याच सुमारास आवणी येते. घरातील सर्व हात चिखलात गुंतलेले असतात. ‘आवणी झाली की घालू नाव’, असे आईबाप म्हणतात. आवणी होते, गणपती येतात, भात निसवते आणि नाव घालावयाचे राहून जाते. त्या मुलीने शाळा सोडली असे कोणी म्हणत नाही. ती पुढच्या शाळेत गेली नाही, इतकेच घडते. जुन्या शाळेला वाटते, नव्या शाळेत असेल. नव्या शाळेला ती होती हेच ठाऊक नसते.

आपल्या शेजारच्या कातकरी बांधवांच्या मुलांची गोष्ट याहून कठीण आहे. दिवाळीनंतर ती कुटुंबे भिवंडी-कल्याणकडील वीटभट्ट्यांवर जातात व पावसाच्या तोंडावर परततात. निरोपाच्या समारंभात त्या मुलांची जागा रिकामीच असते. वीटभट्टीवरील मुलांसाठी विधायक संसद या संस्थेने गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात भट्टीवरच भोंगाशाळा चालविल्या. त्याही आधी कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा नेली. मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हा धडा आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यानेच घालून दिला आहे.

कायदा या बाबतीत मुलाच्या बाजूचा आहे, हे पालकांनी ध्यानात ठेवावे. शाळेत पुढचा वर्ग नसेल तर दुसऱ्या शाळेत जाण्याचा मुलाला हक्क आहे. मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब दिला पाहिजे. दाखला मिळण्यास उशीर झाला म्हणून नव्या शाळेस प्रवेश नाकारता येत नाही किंवा लांबवताही येत नाही. वर्षाच्या मध्येच आलेल्या मुलालाही घ्यावेच लागते आणि त्याच्या वयाला योग्य त्या वर्गात बसवावे लागते. २०१९ सालच्या दुरुस्तीने राज्यांना पाचवी व आठवीस वार्षिक परीक्षा घेण्याची मुभा मिळाली व महाराष्ट्राने २०२३ मध्ये तसा निर्णय केला. तेव्हापासून ‘नापास झाला, आता बस घरी’ हे जुने वाक्य पुन्हा कानी येऊ लागले आहे. नापास मुलाला दोन महिन्यांच्या आत पुरवणी परीक्षेची संधी असते आणि प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत त्याला शाळेतून काढता येत नाही. हे आपण घरोघरी सांगितले पाहिजे. ग्रामीण मुलींना पाचवीपासून पुढे एस. टी.चा मोफत पास मिळतो, हेही सांगितले पाहिजे.

आता मी आपल्या मंडळाकडे वळतो. दरवर्षी आपण गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करतो. दहावी-बारावीत चमकलेल्या मुलांना शाल, श्रीफळ व प्रशस्तिपत्र देतो. ते कौतुक योग्यच आहे. मात्र त्यांच्याबरोबर पहिलीत बसलेली सर्व मुले दहावीपर्यंत आली काय, हे आपण कधी विचारले आहे? लहान मुलांनी पहिलीत यावे म्हणून २०२२ पासून शाळापूर्व तयारीचे मेळावे भरतात, गुलाबाचे फूल देऊन मुलांचे स्वागत होते. तसे स्वागत गावाबाहेरच्या शाळेत प्रथमच पाऊल टाकणाऱ्या मुलाच्या वाट्याला क्वचितच येते. खरे तर त्याचीच छाती अधिक धडधडत असते.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक गावच्या आपल्या शाखेने एप्रिलअखेर शाळेत जाऊन, निरोप घेणाऱ्या मुलामुलींची यादी उतरून घ्यावी. यादी सर्व मुलांची असावी. वर्गात आपली मुले ठाकूर, कातकरी, कोळी, आगरी यांच्या मुलांना लागून बसतात. यादीतही ती तशीच राहोत. जून महिन्यात शाळा उघडताच दोन जाणत्या माणसांनी त्या मुलांना घेऊन नव्या शाळेत जावे. आवणी आटोपल्यावर, श्रावणात, यादी पुन्हा पडताळावी. कोणी राहिले असेल तर त्याच्या घरी जाऊन अडचण विचारावी. भाड्याची अडचण असेल, वह्यांची असेल, वसतिगृहात जागेची असेल, कोणाची केवळ सोबतीची असेल. कर्मवीर भाऊराव पाटलांनी खेड्यातील मूल शिकावे म्हणून आधी त्याच्या राहण्याची सोय केली, हे आपण विसरू नये. दिवाळीनंतर जी कुटुंबे भट्टीवर निघतात, त्यांच्या मुलांची माहिती शिक्षकांना वेळीच द्यावी, म्हणजे त्यांना जेथे जातील तेथे शाळेत बसता येईल.

यास फार पैसा लागत नाही. वर्षातून तीन दिवस पुरतात. शिक्षक हे काम करतातच, पण त्यांच्यामागे सर्वेक्षणे, निवडणुका व कागदपत्रे यांचा ससेमिरा असतो. शिवाय नव्या शाळेच्या दारी गुरुजींपेक्षा काका-मामांचा हात मुलाला अधिक धीर देतो.

पुढील स्मरणिकेत गुणवंतांच्या नावांबरोबर आणखी एक पान असावे अशी माझी इच्छा आहे. त्यावर गावाचे नाव, निरोप घेतलेल्या मुलांची संख्या आणि पुढील शाळेत दाखल झालेल्यांची संख्या असावी. ज्या गावाचे दोन्ही आकडे सारखे येतील, त्या गावाचा सत्कार या व्यासपीठावर प्रथम करावा.