नैर्ऋत्य फ्रान्समधील नद्या आणि मध्ययुगीन चर्चेस

लॉत नदी दक्षिण फ्रान्समधील लोझेरच्या डोंगराळ भागात उगम पावते आणि सुमारे ४८० किलोमीटर वळणे घेत पश्चिमेला गारोन नदीला मिळते. या वाटेत तिच्या काठचा दगड बदलत जातो. वरच्या भागात ग्रॅनाइट आणि पापुद्र्यापापुद्र्यांचा शिस्ट, एस्पालियों गावाच्या परिसरात तांबडा वालुकाश्म, तर खाली केर्सीच्या पठारी मुलखात पांढरट-पिवळा चुनखडक. खोऱ्यातली अकराव्या-बाराव्या शतकांतली चर्चेस त्या त्या ठिकाणच्या याच दगडांची आहेत. एस्पालियोंजवळचे पेर्स येथील छोटे चर्च तांबूस दिसते आणि काओर शहरातले फिकट दिसते, त्याचे पहिले कारण जमीन आहे. म्हणून या प्रदेशातली चर्चेस एकेक सुटी पाहण्यापेक्षा नदीच्या क्रमाने पाहिली की अधिक समजतात. दगड, बांधकामासाठी लागणारा पैसा, यात्रेकरू आणि मठांच्या जमिनी या सगळ्यांचा संबंध शेवटी खोऱ्याशी पोहोचतो.

दगडाइतकाच महत्त्वाचा दुसरा घटक म्हणजे यात्रेचा मार्ग. स्पेनच्या वायव्य टोकाला सांतियागो दे कोंपोस्तेला येथे येशूचा शिष्य जेम्स याची समाधी आहे, अशी मध्ययुगीन युरोपची श्रद्धा होती. ९५०-९५१ साली ल प्वी या शहराचे बिशप गोदेस्काल्क तिथे जाऊन आले. फ्रान्समधून तिकडे गेलेल्या ज्या यात्रेकरूंची नावे ठाऊक आहेत, त्यांत त्यांचे नाव अगदी आरंभी येते. पुढच्या दोन शतकांत ल प्वीहून निघणारी वाट रुळली. ती लॉतच्या काठाने एस्पालियों, एस्तें आणि कोंक असा प्रवास करते, सेले नदीवरच्या फिझाकला पोहोचते, काओरला पुन्हा लॉत ओलांडते आणि तार्न नदीवरच्या म्वासाकला येते. नदी ओलांडायची म्हणजे पूल हवा, म्हणून या वाटेवर पुलांनाही तीर्थस्थानांइतके महत्त्व आले. १९९८ साली युनेस्कोने फ्रान्समधील हे यात्रामार्ग जागतिक वारशाच्या यादीत घेतले, तेव्हा चर्चेसबरोबर एस्पालियों, एस्तें, कोंक आणि काओर येथील जुने पूलही त्यात घेतले.

या काळातल्या बांधकामाला रोमनेस्क शैली म्हणतात. लाकडी छप्पर आगीला बळी पडते, म्हणून बांधणाऱ्यांनी चर्चच्या लांब दालनावर दगडी कमानींचे सलग छत घालायला सुरुवात केली. अर्धगोल कमानीचे हे छत फार जड असते आणि त्याचा रेटा भिंतींना बाहेरच्या बाजूला ढकलतो. तो रेटा पेलण्यासाठी भिंती जाड ठेवाव्या लागतात, खिडक्या लहान आणि मोजक्याच ठेवाव्या लागतात. आतला अंधार आणि गारवा हा या बांधणीचा परिणाम आहे. मोठ्या तीर्थस्थानी आणखी एक अडचण होती. साधूंची उपासना चालू असताना यात्रेकरूंची रांग पवित्र अवशेषांपर्यंत जायला हवी आणि उपासनेत व्यत्ययही येता कामा नये. त्यासाठी वेदीच्या मागून अर्धवर्तुळाकार प्रदक्षिणामार्ग काढला गेला आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला छोटी छोटी उपासनागृहे जोडली गेली. कोंकचे सेंत फ्वा चर्च हा या योजनेचा उत्तम नमुना आहे.

कोंक हे गाव दुर्दू आणि ऊश या दोन लहान नद्यांच्या संगमावरच्या उतारावर वसले आहे. दुर्दू पुढे लॉतला मिळते. गावाला सपाट जागा जवळपास नाहीच. घरांच्या भिंती आणि छपरे शिस्टच्या पापुद्र्यांची, आणि त्यांच्या मधोमध पिवळसर चुनखडकाचे उंच चर्च. चर्चमध्ये जवळच्या खाणींचा पिवळा चुनखडक, दुर्दूच्या खोऱ्यातला तांबडा वालुकाश्म आणि गावचा करडा शिस्ट असे तिन्ही दगड वापरलेले आहेत. भिंतींवर ते आजही वेगवेगळे ओळखता येतात. बांधकाम अकराव्या शतकाच्या मध्यास ओदोलरिक या मठाधिपतीच्या काळात सुरू झाले आणि बेगों तिसरा याच्या कारकिर्दीत (१०८७-११०७) पुढे सरकले. दालन अरुंद असूनही त्याची उंची सुमारे २२ मीटर आहे. बाजूच्या दालनांवर घातलेले सज्जे मुख्य छताचा रेटा दोन्ही अंगांनी तोलून धरतात, त्यामुळेच एवढी उंची गाठता आली.

या दुर्गम खेड्यात एवढे मोठे चर्च उभे राहिले ते सेंत फ्वा या मुलीच्या अवशेषांमुळे. परंपरेनुसार चौथ्या शतकाच्या आरंभी आझाँ शहरात कोवळ्या वयातच श्रद्धेसाठी तिने प्राण दिले. नवव्या शतकात कोंकच्या एका साधूने आझाँच्या मठात बरीच वर्षे राहून विश्वास मिळवला आणि तिचे अवशेष कोंकला आणले, असे जुने वृत्तांत सांगतात. त्या अवशेषांसाठी लाकडी गाभ्यावर सोन्याचा पत्रा मढवलेली, सिंहासनावर बसलेली मूर्ती घडवण्यात आली. भाविकांनी वाहिलेली रत्ने आणि कोरीव खडे तिच्यावर शतकानुशतके जडवले गेले. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला आँझे येथील बेर्नार नावाचा विद्वान इथे आला. अशा मूर्ती म्हणजे मूर्तिपूजाच, अशी शंका मनात धरून तो आला होता. पण पुढे त्यानेच सेंत फ्वाच्या चमत्कारांचा ग्रंथ लिहायला घेतला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात मौल्यवान धातूंच्या वस्तू सरकारजमा होऊ लागल्या, तेव्हा कोंकच्या गावकऱ्यांनी हा ठेवा आपापल्या घरांत दडवला आणि संकट टळल्यावर परत आणून दिला. ही मूर्ती आजही गावातच आहे.

चर्चच्या पश्चिम दारावरचा अर्धवर्तुळाकार शिल्पपट हा कोंकचा सर्वांत समृद्ध भाग. त्याची रुंदी सुमारे ६.७ मीटर आहे आणि त्यात १२४ आकृत्या कोरल्या आहेत. विषय आहे अखेरच्या न्यायदिवसाचा. मध्ये येशू बसला आहे. त्याचा उजवा हात वर आहे, डावा खाली. त्याच्या उजवीकडे, म्हणजे पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला, शांतपणे चालणारी मिरवणूक आहे, आणि तिच्यात सम्राट शार्लमेनही आहे. त्या मिरवणुकीखाली सेंत फ्वा गुडघे टेकून वाकली आहे आणि ढगातून बाहेर आलेला देवाचा हात तिच्या मस्तकाजवळ पोहोचला आहे. तिच्या मागे कमानींना बेड्या टांगल्या आहेत. तिच्या कृपेने सुटलेले कैदी आपल्या बेड्या चर्चला वाहत असत, त्याची ही खूण. चर्चमधल्या जुन्या लोखंडी जाळ्या त्याच बेड्या वितळवून घडवल्या, असे परंपरा सांगते.

पाहणाऱ्याच्या उजव्या हाताला नरक आहे, आणि तिथे शिल्पकाराचा हात अधिक मोकळा सुटला आहे. गर्विष्ठ सरदार घोड्यावरून उलथून पडतो आहे. कंजूष माणूस गळ्यात पैशांची थैली घेऊन फासावर लटकला आहे. खोटे बोलणाऱ्याची जीभ एक सैतान उपटतो आहे. मठाच्या रानात चोरून शिकार करणाऱ्याला ससाच शूलावर भाजतो आहे. न्यायाच्या तराजूपाशी देवदूत आणि सैतान समोरासमोर उभे आहेत, आणि सैतान बोटाने पारडे आपल्याकडे दाबतो आहे. पटाच्या बाहेरच्या कडेवर दगडी फीत गुंडाळल्यासारखी कोरली आहे आणि तिच्या मागून लहान लहान चेहरे डोकावून हा सगळा प्रकार पाहत आहेत. निळ्या आणि लाल रंगाचे अवशेष अजून जागोजागी टिकून आहेत. वाचता न येणाऱ्या यात्रेकरूला हा पट दारातच न्यायाचा अर्थ सांगत होता, आणि त्यातली पापे खेड्यातल्या रोजच्या जगण्यातली होती.

१८३७ साली ऐतिहासिक वास्तूंचे महानिरीक्षक प्रोस्पेर मेरिमे कोंकला आले. इमारत मोडकळीला आली होती. त्यांच्या प्रयत्नांमुळे तिच्या दुरुस्तीला सरकारी पाठबळ मिळाले. १९९४ साली चर्चला नव्या काचा बसवण्यात आल्या. त्या जवळच्याच रोदेझ शहरात जन्मलेले चित्रकार पिएर सुलाज यांच्या आहेत. त्यांनी रंगीत काच टाळली. उजेड आत येऊ देईल पण आरपार दिसणार नाही, अशी बिनरंगी काच मुद्दाम तयार करून घेतली. दिवसाचा प्रहर बदलतो तशी तिची छटा बदलते आणि भिंतीच्या दगडांचे मूळ रंग उठून दिसतात.

कोंकनंतर यात्रामार्ग फिझाकला सेलेच्या काठावर येतो. सेले ही लॉतची उपनदी असून तिचे खोरे अरुंद आहे. दोन्ही बाजूंना चुनखडकाचे उभे कडे, मध्ये कुरणे आणि काठाने झाडांची रांग. या खोऱ्यातल्या मार्सियाक गावात बेनेडिक्टाइन मठाचे अवशेष आहेत. इंग्रज-फ्रेंच शतवर्षीय युद्धाने या मठाची वाताहत झाली. जुन्या दालनाचे छत गेले, ते आजही उघडे आहे, आणि गावाची उपासना पुढच्या काळात दुरुस्त केलेल्या भागात होते. इतिहासातल्या पडझडीची कल्पना इथे येते तशी सुस्थितीतल्या मोठ्या चर्चमध्ये येत नाही.

सेले लॉतला मिळते त्या परिसरात नदीचा दुसरा इतिहास दिसतो. लॉत हा शतकानुशतके मालवाहतुकीचा मार्ग होता. काओरची वाइन या नदीने बोर्दोकडे जाई आणि पुढे दकाझव्हिलच्या खाणींतला कोळसाही. प्रवाहाच्या उलट जाताना नावा काठावरून दोरांनी ओढत न्याव्या लागत. बुझिएस आणि सें-सिर-लापोपी यांच्या दरम्यान कडा सरळ पाण्यातच उतरतो, म्हणून १८४०च्या दशकात कड्याच्या पोटात वाट खोदण्यात आली. डोक्यावर खडकाचे छत आणि बाजूला पाणी अशी ही वाट आज चालण्यासाठी खुली आहे. रेल्वे आल्यावर नावांचा धंदा बुडाला आणि १९२६ साली लॉतचे नाव जलवाहतुकीच्या सरकारी यादीतून काढून टाकले गेले. सें-सिर-लापोपीचे तटबंदीसारखे चर्च कड्यावर आहे. तिथून नदीचे वळण आणि पलीकडची शेते एका नजरेत दिसतात.

काओर शहराला लॉतने तिन्ही बाजूंनी वेढले आहे. तिथल्या सेंत एतिएन कॅथेड्रलच्या मुख्य वेदीचे अभिषेकपूजन १११९ साली पोप कॅलिक्स्टस दुसरे यांनी केले. इथे लांब छताऐवजी सुमारे १८ मीटर व्यासाचे दोन घुमट आहेत. घुमटाचा भार चारच खांबांवर येतो, त्यामुळे आतली जागा मोकळी आणि रुंद वाटते. पश्चिमेकडच्या घुमटातली चौदाव्या शतकातली चित्रे १८७२ साली चुन्याखालून उघडी झाली. शहराच्या पश्चिमेच्या वालांत्रे पुलाचे काम १३०८ साली सुरू झाले आणि ते पुरे व्हायला जवळपास ७० वर्षे लागली. त्यावर तीन बुरूज आहेत. पुलाच्या बांधणाऱ्याने सैतानाशी करार केला आणि शेवटी त्याला चाळणीतून पाणी आणायला लावून फसवले, अशी दंतकथा आहे. १८७९च्या दुरुस्तीत वास्तुतज्ज्ञ पोल गू यांनी मधल्या बुरुजाच्या कोपऱ्यात दगड ओढणारा छोटा सैतान कोरून घेतला.

काओरहून दक्षिणेला तार्नच्या काठी म्वासाक आहे. तिथला मठ अकराव्या शतकाच्या मध्यास क्लूनीच्या प्रभावशाली मठसंघाशी जोडला गेला. त्याच्या ओवऱ्या ११०० साली पूर्ण झाल्या. हे साल तिथल्याच एका खांबावर कोरलेले आहे. चौकोनी अंगणाभोवती ७६ स्तंभशीर्षे आहेत. एक बारीक खांब, मग जोडखांब, मग पुन्हा एक, असा क्रम चालतो. स्तंभशीर्षांवर बायबलमधले प्रसंग, संतांच्या कथा, पाने आणि पक्षी आहेत. एका स्तंभशीर्षाभोवती फिरल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही, कारण ती चारही बाजूंनी पुढे जाते. दक्षिण दारावरच्या पटात सिंहासनावरचा येशू आणि त्याच्याकडे माना वळवून पाहणारे २४ वृद्ध आहेत. त्यांच्या हातांत तंतुवाद्ये आणि पेले आहेत. या ओवऱ्या एकोणिसाव्या शतकात थोडक्यात बचावल्या. रेल्वेमार्ग मठाच्या जागेतून गेला आणि साधूंचे भोजनगृह पाडले गेले. मार्च १९३०मध्ये तार्नच्या महापुराने शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त केला आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. खोऱ्याला समृद्धी देणारी नदी विनाशही करते, हे म्वासाकच्या लोकांना ठाऊक आहे.

या मोठ्या ठिकाणांच्या मधल्या शेकडो खेड्यांत लहान चर्चेस आहेत. १९०५ साली फ्रान्सने धर्म आणि शासन यांची फारकत केली. तेव्हापासून जुनी कॅथेड्रल्स राज्याच्या आणि इतर बहुतेक चर्चेस गावांच्या मालकीची आहेत. छताची गळती किंवा भिंतीची भेग हा त्यामुळे ग्रामसभेच्या अंदाजपत्रकाचा प्रश्न होतो. लोकवस्ती घटलेल्या गावांना हा खर्च झेपत नाही. एकाच धर्मगुरूकडे अनेक गावे असल्याने बऱ्याच ठिकाणी उपासना क्वचितच होते आणि दार बंद असते. किल्ली गावाच्या कार्यालयात किंवा शेजारच्या घरी मिळते.

या प्रदेशात वसंत आणि शरद हे सोयीचे ऋतू. फिझाक, काओर आणि म्वासाक येथे रेल्वे पोहोचते. कोंकला मोटारीने किंवा पायी जावे लागते. एस्पालियोंपासून म्वासाकपर्यंतची यात्रावाट आज खुणा केलेली पायवाट आहे आणि सेलेच्या खोऱ्यातून तिची एक शाखा जाते. कोंकचा पट पश्चिमाभिमुख असल्याने दुपारनंतरच्या उन्हात स्पष्ट दिसतो. शिल्पे उंचावर असल्यामुळे दुर्बीण जवळ असावी. वेळ कमी असेल तर स्थळांची संख्या कमी करावी आणि एकच खोरे निवडावे. एक दिवस मोठ्या चर्चला द्यावा, दुसरा नदीकाठच्या वाटेला आणि तिसरा एखाद्या अनोळखी खेड्याला. तिथे किल्ली मागून दार उघडावे आणि निघताना दुरुस्तीच्या पेटीत यथाशक्ती काही टाकावे. त्या गावचे छत पुढची पिढी पाहील की नाही, हे अशा लहान रकमांवरही ठरत असते.