डाख देण्याची मूलतत्त्वे



तांब्या-पितळेच्या भांड्याला कल्हई करताना आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. कल्हईवाला भांडे तापवितो, नवसागराची पूड टाकतो, धुराचा लोट उठतो. मग कथील टेकविताच तो पांढरा धातू कापसाच्या बोळ्यामागे सरसर पसरत जातो. आजच्या विषयाचे सार या दृश्यात आहे.

डाख देणे म्हणजे दोन धातूंचे भाग, ते न वितळविता, कमी तापमानास वितळणाऱ्या मिश्रधातूने जोडणे. या मिश्रधातूलाच कारखान्यात सोल्डर म्हणतात. हा जोड गोंदासारखा वरवरचा नसतो. वितळलेले कथील तांब्याशी संयोग पावते आणि दोहोंच्या सीमेवर नव्या संयुगाचा अत्यंत पातळ थर तयार होतो. तो थर निर्माण झाला, तरच जोड झाला असे समजावे.

शुद्ध कथील २३२ अंश सेल्सिअसला आणि शिसे ३२७ अंशांना वितळते. परंतु ६३ भाग कथील व ३७ भाग शिसे यांचे मिश्रण १८३ अंशांनाच वितळते आणि निवताना मऊ अवस्थेत न रेंगाळता एकदम घन होते. नाजूक इलेक्ट्रॉनिक घटकांसाठी हे दोन्ही गुण मोलाचे आहेत.

तांबे हवेत उघडे राहिले की त्यावर ऑक्साइडचा थर चढतो. त्यावर डाख अळवावरच्या पाण्याप्रमाणे गोळा होऊन राहतो. हा थर दूर करणाऱ्या पदार्थास अभिवाह किंवा फ्लक्स म्हणतात. कल्हईवाल्याचा नवसागर हा अभिवाहच होय. इलेक्ट्रॉनिक कामात मात्र नवसागर वा झिंक क्लोराइड वापरू नये. त्यांचे अवशेष तारा कुरतडतात. तेथे राळ हवी. डाखाच्या तारेच्या पोटात ती बहुधा भरलेलीच असते.

आता कृती. सोल्डरिंग आयर्नचे टोक ओल्या स्पंजावर पुसून त्यास डाखाचा पातळ लेप द्यावा. ते घटकाचा पाय आणि पट्टीवरील तांबे या दोहोंना एकाच वेळी टेकवावे. क्षणभराने डाखाची तार टोकाला नव्हे, तर तापलेल्या जोडाला लावावी. डाख पसरला की आधी तार, मग टोक दूर करावे. हे सारे दोन-तीन सेकंदांत उरकते. डाख गोठेपर्यंत जोड हलता कामा नये.

नवशिका डाख टोकावर वितळवून थंड जोडावर थापतो. राळ वाटेतच जळून जाते. वरून जोड ठीक दिसतो, आत ऑक्साइड तसेच राहते. यालाच ड्राय सोल्डर म्हणतात. असा जोड तपासणीच्या दिवशी प्रवाह वाहून नेतो. पुढे पुन्हा पुन्हा तापून व निवून सैल होतो. दोष कधी दिसतो, कधी लपतो, आणि दुरुस्ती करणारा निर्दोष घटक बदलत बसतो. असा जोड रुग्णालयातील यंत्रात असेल तर त्याची किंमत कोण मोजील, याचा विचार तुम्हीच करावा.

युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक उपकरणांतील शिशावर निर्बंध घातले. भारताच्या ई-कचरा नियमांतही तशी मर्यादा आहे. कथील, चांदी व तांबे यांचा बिनशिशाचा डाख सुमारे २१७ अंशांना वितळू लागतो आणि त्याचा जोड स्वभावतःच काहीसा निस्तेज दिसतो. म्हणून केवळ चकाकी ही कसोटी मानू नये. डाख कडेपर्यंत अंतर्वक्र उताराने पसरला आहे की नाही, ते पाहावे.

शेवटी एक सूचना. या तापमानाला शिशाची वाफ जवळजवळ होत नाही. ते बोटांवाटे पोटात जाते. दिसणारा धूर राळेचा असतो, आणि त्याने दमा जडू शकतो. म्हणून धूर चेहऱ्यापासून दूर जाईल अशी सोय करावी आणि हात साबणाने धुतल्यावाचून अन्नाला शिवू नये. चांगल्या जोडाइतकीच कारागिराची प्रकृतीही टिकली पाहिजे.