हरहुन्नरी माणसाची मजुरी



व्याख्यानमालेच्या चालकांनी आमच्यापुढे ‘धंदेवाईक खेळाडू’ हा विषय ठेवला, तेव्हा आमचे दोन-चार मित्र हसले. कामगार संघटनेचा माणूस बोनसवर बोलेल, भविष्यनिर्वाह निधीवर बोलेल. तो क्रिकेटवर काय बोलणार? पण खेळाबद्दल ज्याला पैसे मिळतात, त्याच्या श्रमाला भाव असतो, भाव ठरवणारा कोणी असतो, आणि हात थकण्याचा दिवसही ठरलेलाच असतो. तेव्हा हा विषय आमच्या शिवाराबाहेरचा नाही. फार तर बांधावरचा म्हणा.

‘धंदेवाईक’ हा शब्द आपल्याकडे एके काळी शिवीसारखा वापरला जाई. घरचे खाऊन खेळणारा तो सभ्य गृहस्थ, आणि पैसे घेऊन खेळणारा तो भाडोत्री! ज्याच्या घरी खायला आहे त्याला हा भेद फार सोयीचा असतो.

आज आम्ही बोलणार आहोत ते विजय सॅम्युअल हजारे यांच्याविषयी. त्यांचा जन्म 1915 साली सांगलीत, एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात झाला. वडील शाळामास्तर, आणि घरात आठ भावंडे. त्यांचा खेळ आम्ही पाहिलेला नाही. आमचा जन्मच त्यांनी बॅट खाली ठेवल्यानंतरचा. पण धावफलक हे हजेरीपुस्तकासारखे असते, आणि हजेरीपुस्तक वाचण्यात आमचा जन्म गेला आहे.

ते पुस्तक काय सांगते? प्रथम दर्जाच्या 238 सामन्यांत 18,740 धावा आणि 60 शतके. लोक येथेच थांबतात आणि त्यांना मोठे फलंदाज म्हणून मोकळे होतात. पुढची ओळ वाचली पाहिजे. याच माणसाने 595 गडी बाद केले आहेत. 1947 च्या डिसेंबरात सिडनीच्या कसोटीत खुद्द ब्रॅडमनचा त्रिफळा त्यांनी 13 धावांवर उडवला. पुढे ॲडलेडला ब्रॅडमनने द्विशतक केले, तेव्हाही त्रिफळा उडाला तो हजाऱ्यांच्याच चेंडूवर. त्याच ॲडलेडच्या सामन्यात त्यांनी पहिल्या डावात 116 आणि दुसऱ्या डावात 145 धावा केल्या. एका कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय. सामना मात्र आपण एका डावाने हरलो. हजाऱ्यांच्या पुस्तकात असे फार वेळा दिसते.

त्याआधीचा, 1943 चा पंचरंगी सामना घ्या. तेव्हा संघ धर्मावर पडत. हिंदूंचा एक, मुसलमानांचा एक, पारशांचा एक, युरोपियनांचा एक. आणि जे या कुठल्याच खणात बसत नाहीत त्यांचा संघ ‘इतर’ या नावाचा. हजारे ख्रिस्ती, म्हणून ते ‘इतर’. हिंदूंनी 5 बाद 581 वर डाव सोडला, त्यांत विजय मर्चंटांच्या नाबाद 250. ‘इतर’ 133 मध्ये आटोपले. फॉलोऑननंतर त्यांनी 387 केल्या, आणि त्यांतल्या 309 एकट्या हजाऱ्यांच्या! धाकटे बंधू विवेक त्यांच्या जोडीला उभे होते. दोघांच्या भागीत 300 धावा झाल्या, त्यांत विवेकच्या 21. आम्हांला या 309 पेक्षा त्या 21 धावांचे कौतुक अधिक वाटते. दुसऱ्याचे काम चालू राहावे म्हणून तासन्‌तास एक टोक धरून ठेवायचे, याची मजुरी कुठल्याच पत्रकात लागत नाही.

आता पोटापाण्याकडे येऊ. मास्तराच्या मुलाने सबंध दिवस खेळायचे तर चूल कशावर पेटायची? त्या काळी उत्तर एकच होते, राजाश्रय. देवासचे विक्रमसिंह महाराज, जे पुढे कोल्हापूरच्या गादीवर गेले, त्यांनी हजाऱ्यांना पदरी ठेवले. ऑस्ट्रेलियाचा नामांकित फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट याची शिकवणी त्यांना मिळाली. हजाऱ्यांची उभे राहण्याची ढब पुस्तकी नव्हती. बॅट दोन्ही पॅडांच्या मध्ये धरून ते जरा अवघडल्यासारखे उभे राहत. ती ढब मोडू नको, असे ग्रिमेटने सांगितले. चांगला उस्ताद कारागिराचा बसलेला हात बिघडवत नाही. पुढे हजारे बडोद्याच्या गायकवाडांच्या चाकरीत गेले. तेथे 1947 च्या मार्चमध्ये, रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात, होळकर संघाविरुद्ध 3 बाद 91 असताना ते आणि गुल महंमद एकत्र आले आणि 577 धावांची भागी करून गेले. गुल महंमदच्या 319, हजाऱ्यांच्या 288. कुठल्याही गड्यासाठीचा हा जागतिक विक्रम 2006 पर्यंत टिकला.

राजाश्रयाला आम्ही नावे ठेवणार नाही. त्याने माणसे उभी केली. पण आश्रयात करार नसतो. महाराजांची मर्जी आहे तोवर घोडाही आहे आणि घरही आहे. बडोदे संस्थान 1949 साली मुंबई राज्यात विलीन झाले, आणि अशा सगळ्याच चाकरांपुढे प्रश्न आला की उद्याचा धनी कोण?

त्याच सुमारास हजारे इंग्लंडात लँकेशायरला गेले, रॉयटन आणि रॉटनस्टॉल या क्लबांकडे. हा मुलूख सूतगिरण्यांचा. गिरणगावात एकेक क्लब, आणि संघात धंदेवाईक खेळाडू सहसा एकच. बाकीचे दहा जण आठवडाभर गिरणीत, दुकानात, कचेरीत राबून शनिवारी पांढरे कपडे चढवणारे. क्लब सभासदांच्या वर्गणीवर आणि तिकिटांवर चालायचा. म्हणजे धंदेवाईकाचा पगार देत होता तो मागावरचा कामगार! पन्नास धावा झाल्या किंवा गोलंदाजीत मोठा पराक्रम झाला की प्रेक्षकांत टोपी फिरायची आणि चिल्लर गोळा होऊन खेळाडूच्या हातात पडायची. नेल्सनच्या क्लबात वेस्ट इंडीजचे लिअरी कॉन्स्टंटाइन 1929 पासून नऊ हंगाम असेच खेळले.

आता एकालाच पगार द्यायचा, तर क्लब कोणाला निवडील? नुसत्या फलंदाजाला नव्हे. त्याने धावा केल्या पाहिजेत, गोलंदाजीचे एक टोक दुपारभर सांभाळले पाहिजे, आणि आठवड्यात पोरांना शिकवलेही पाहिजे. एका पगारात तीन माणसे! आपले हजारे, विनू मंकड, दत्तू फडकर हे तेथे चालले याचे कारण हेच की ते हरहुन्नरी होते.

हा हिशेब आम्हांला जालन्यात शिकायला मिळाला. येथल्या एका रोलिंग मिलमध्ये एक मिस्त्री होता. मिलचे नाव घेत नाही. तो भट्टी सांभाळी, वेल्डिंग करी, क्रेनवाला आला नाही तर क्रेनवर चढे, आणि रात्री मोटार जळली की त्यालाच घरून उठवून आणीत. मालक दसऱ्याला त्याला हार घालून म्हणायचे, हा आमचा ऑलराउंडर. पगारपत्रकावर मात्र तो ‘हेल्पर’. आम्ही विचारले, की याला कुठली श्रेणी द्यायची? उत्तर आले, याचे ठराविक असे कामच नाही, मग श्रेणी कशी ठरवणार? दोन वर्षे भांडल्यावर त्याला ‘फिटर’ लिहिले. हार घालणे तेव्हापासून बंद झाले.

तर मंकडांचीच गोष्ट पाहा. 1952 साली भारतीय संघ हजाऱ्यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला निघाला. त्या वर्षी फेब्रुवारीत मद्रासला आपण पहिला कसोटी विजय मिळवला होता. कर्णधार हजारे होते आणि इंग्लंडचे बारा गडी मंकडांनी टिपले होते. मंकडांना हॅसलिंग्डन क्लबाची नोकरी चालून आली. त्यांनी नियामक मंडळाला इतकेच विचारले, की माझी निवड नक्की असेल तर मी ही नोकरी सोडतो. मंडळाने आश्वासन दिले नाही, आणि मंकड क्लबाकडे गेले. लीड्सच्या पहिल्या कसोटीत दुसऱ्या डावात आपले चार गडी शून्यावर बाद झाले! मग मंडळ धावले आणि क्लबाकडून मंकडांना मागून आणले. लॉर्ड्‌सवर त्यांनी 72 आणि 184 धावा केल्या, मध्ये 73 षटके टाकून 5 गडी बाद केले. दुसऱ्या डावात दुसऱ्या टोकाला हजारे उभे होते, दोघांची भागी 211 ची. सामना आपण 8 गड्यांनी गमावला.

मंकडांनी पैशाकडे पाहिले, देशाकडे पाहिले नाही, अशी टीका झाली. आमच्या मते त्यांनी संपूर्ण वाजवी प्रश्न विचारला होता. हजारे मात्र असे प्रश्न विचारणारांपैकी नव्हते. शांत, भिडस्त, सांगितले ते करणारे. कर्णधारपद दिले, घेतले; 14 कसोट्यांत नेतृत्व केले आणि 1953 च्या वेस्ट इंडीज दौऱ्यानंतर ते संपले. कर्णधारपदाने त्यांची फलंदाजी मारली असे पुष्कळ जाणते म्हणतात. आम्हांला ते पटत नाही. सात कसोटी शतकांपैकी दोन त्यांनी कर्णधार असतानाच केली आहेत.

विषय निघाला आहे तर अमेरिकेकडे एक नजर टाकू. तेथला फुटबॉल आपल्यासारखा नव्हे. चेंडू हातात घेऊन खेळतात, आणि चेंडू कोणाकडे फेकायचा हे ठरवणारा गडी म्हणजे क्वार्टरबॅक. सॅमी बॉ नावाचा असा एक गडी होता. 1943 साली, म्हणजे हजाऱ्यांच्या 309 च्याच वर्षी, चेंडू फेकण्यात, लाथेने दूर धाडण्यात आणि विरुद्ध पक्षाची फेक मध्येच पकडण्यात, तिन्हीत तो सबंध लीगमध्ये पहिला आला. तो 1952 साली निवृत्त झाला. त्या खेळाडूंची संघटना निघाली 1956 साली, आणि 1982 मध्ये त्यांनी 57 दिवस संप केला. गिरणी कामगारांना हसतील असे मोठे पगार घेणारांनीही शेवटी हत्यार आमचेच उचलले!

आपल्याकडे? राजे गेल्यावर खेळाडूंना रेल्वेने, बँकांनी, टाटांसारख्या कारखानदारांनी नोकऱ्या दिल्या. 2008 पासून आयपीएलमध्ये खेळाडूचा लिलाव होतो. आपल्या जालन्याचा विजय झोल, ज्याने 2011 मध्ये एकोणीस वर्षांखालील कूचबिहार करंडकात नाबाद 451 धावा केल्या आणि 2014 च्या युवा विश्वचषकात देशाचे नेतृत्व केले, तोही आयपीएलपर्यंत गेला. 2019 मध्ये क्रिकेटपटूंची एक संघटना मंडळाने मान्य केली, पण ती निवृत्तांची. जो आज मैदानात उभा आहे त्याला तीत जागा नाही. निवृत्त झाल्यावर सभासद करून घेणारी युनियन आम्ही तरी आजवर चालवलेली नाही.

हजारे 2004 च्या डिसेंबरात बडोद्याला वारले. देशातल्या एकदिवसीय स्पर्धेच्या करंडकाला आता त्यांचे नाव आहे. तेथे खेळणाऱ्यांसाठी मंडळाने 2021 मध्ये दर ठरवले. चाळीसहून अधिक सामने खेळलेल्याला दिवसाला 60,000 रुपये, त्याखालच्याला 50,000, आणि वीस सामन्यांपर्यंतच्या नवख्याला 40,000. म्हणजे दर चढतो तो सेवाकालावर, आणि त्याला आमची हरकत नाही. आम्हीही तेच मागतो. पण फलंदाजी आणि गोलंदाजी दोन्ही करणाऱ्याला त्यात वेगळा रकाना नाही.