दूध सोसत नाही



कृष्णा-कोयनेच्या संगमावरील या कऱ्हाड नगरीत भरलेल्या वैद्यकव्यावसायिकांच्या संमेलनाचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. शिरस्त्याप्रमाणे गतवर्षातील वैद्यकाच्या प्रगतीचा आढावा अध्यक्षाने घ्यावयाचा असतो. तो मी लिहून आणला आहे आणि छापील प्रतीतून आपणांस मिळेल. परंतु चव्वेचाळीस वर्षे या जिल्ह्यातील खेडोपाडी व्यवसाय करीत असता जे शल्य मी मनात बाळगले, ते उघड करण्याची अशी संधी मला पुन्हा मिळेलसे वाटत नाही. म्हणून आज मी केवळ दुधाविषयी बोलणार आहे.

काल दुपारच्या बैठकीत दुधावर दोन निबंध वाचले गेले. दूध हे पूर्णान्न असून प्रत्येक प्रौढाने ते नित्य प्यालेच पाहिजे, असे एकात प्रतिपादन होते. अंगावरचे दूध सुटल्यावर कोणताही प्राणी दूध पीत नाही, सबब मनुष्यानेही पिऊ नये, असा दुसऱ्याचा दावा होता. दोन्ही पक्षांनी विद्वत्तापूर्ण दाखल्यांची रास घातली. पण त्या दोन तासांत एकाही वक्त्याने आपल्या रोग्याने आपल्याला काय सांगितले हे सांगितले नाही, याचे मला मनापासून दुःख झाले.

व्यवसायाच्या आरंभीच्या वर्षांत पाटण तालुक्यातील एका वाडीवरून तिशीच्या आतली एक शेतकरीण माझ्याकडे येत असे. पोट फुगणे, गुरगुरणे, दिवसातून चार-पाच वेळा पातळ शौचास होणे, आणि अंग उत्तरोत्तर वाळत जाणे, ही तिची लक्षणे. त्या काळी जुनाट आमांशाचे निदान आम्ही फार सहज करीत असू. तेच मी केले, आमांशावरची औषधे तिला तीन वर्षांत पाच वेळा दिली, आणि अशक्तपणासाठी प्रत्येक चिठ्ठीच्या तळाशी 'दूध, दोन पेले, दोन वेळा' असे लिहिले. डॉक्टरांचा शब्द म्हणून तिच्या नवऱ्याने सोसायटीचे कर्ज काढून म्हैस घेतली. पाचव्या खेपेनंतर ती बरेच दिवस आली नाही, आणि आषाढात आली ती अंगाने भरलेली, चेहऱ्यावर तुकतुकी असलेली अशी, की क्षणभर मी तिला ओळखले नाही. माझ्या औषधाला यश आले असे मानून मी समाधानाने विचारपूस करू लागलो, तेव्हा ती म्हणाली, "म्हस आटली तवापास्नं प्वाट गप हाय बघा. पयल्या दिशीच सांगितलं हुतं मी, दूध सोसत न्हाई मला. तुमी लिव्हूनच घेतलं न्हाई."

ती गेल्यावर मी तिचे सगळे कागद काढून पाहिले. शौचाची संख्या होती, नाडी होती, वजन होते, औषधांची मात्रा होती. दूध सोसत नसल्याचा मजकूर मात्र कोठेही नव्हता. त्या कुटुंबाचे कर्ज माझ्या अक्षरात लिहिलेल्या एका ओळीने झाले होते.

यामागचे शरीरशास्त्र आपणांपैकी तरुणांना माझ्याहून अधिक ठाऊक आहे. गाईच्या दुधाच्या एका पेल्यात सुमारे दहा ग्रॅम दुग्धशर्करा, म्हणजे लॅक्टोज, असते, आणि तिचे विघटन करणारे लॅक्टेज हे पाचक द्रव्य लहान आतड्याच्या अस्तरात तयार होते. तान्हेपणी ते विपुल असते. बाल्य सरता सरता जगातील बहुसंख्य माणसांत, म्हणजे अदमासे दोन-तृतीयांश लोकांत, ते घटत जाते. न पचलेली शर्करा मोठ्या आतड्यात पाणी ओढून घेते, तेथील जंतू तिचे किण्वन करतात, वायू होतो, ढाळ होतात. काही मानववंशांत मात्र हे द्रव्य आयुष्यभर टिकण्याचा गुण आनुवंशिक आहे, आणि आपल्या देशात तो उत्तरेकडे अधिक व दक्षिणेकडे कमी आढळतो. महाराष्ट्रात तर एकाच आळीत दोन्ही प्रकारची माणसे भेटतात. शिवाय अतिसाराने आतड्याचे अस्तर सोलवटले की हे द्रव्य काही काळ कोणाचेही कमी पडते, आणि नेमक्या त्याच दिवसांत, शक्ती भरून यावी म्हणून, आपण रोग्याला दूध लिहून देतो!

कोल्हापूरच्या एका सन्मित्राने काल गंगावेशीतल्या दूधकट्ट्याचा दाखला दिला, की समोर म्हैस पिळून धारोष्ण दूध पिणाऱ्या पैलवानांना काही होत नाही. त्यांचे म्हणणे खरे आहे. मीही तेथे उभा राहून ते दृश्य कौतुकाने पाहिले आहे, जरी न तापवलेल्या दुधातून क्षय आणि ब्रुसेला यांचे जंतू येऊ शकतात ही धास्ती माझ्या मनातून गेलेली नाही. परंतु ज्या तालमीतून दोन-दोन लिटर दूध पचविणारे मल्ल निघाले, त्याच तालमीतून दूध पोटात ठरत नाही या लाजेने घरी परतलेला एक मुलगा माझा रोगी होता. त्याच्या वस्तादांनी त्याला भित्रा ठरविले होते. मी त्याला दही, ताक, डाळी आणि अंडी यांवर ठेवले, व त्याचे पोट महिनाभरात ठिकाणावर आले. तालमीत मात्र तो पुन्हा गेला नाही.

दुसऱ्या निबंधाच्या लेखकांनाही मला तितक्याच कळकळीने विरोध करावयाचा आहे. ज्याला दूध सोसते त्याला ते तोडावयास सांगणे हा अन्याय आहे, विशेषतः ज्या घरात डाळ महाग आणि अंडे वर्ज्य, तेथे. ज्याला सोसत नाही अशांपैकीही बहुतेकांना जेवणाबरोबर एखादा पेला चालतो. नाचणीत शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, गाईच्या दुधात सव्वाशेहून कमी. पण नाचणीतले सगळेच अंगी लागत नाही, हे सांगितल्यावाचून तो आकडा फेकणे योग्य नव्हे. याउलट, दीड वर्षाच्या पोराला लिटरभर वरचे दूध पाजून 'भाकरीला तोंड लावत नाही' असे सांगणारी आई मूल पांढरेफटक पडल्यावर माझ्याकडे येते, तेव्हा दुधात लोह जवळजवळ नाही हे तिला कोणीच सांगितलेले नसते.

आणि ताक! चरकसंहितेत अर्श व ग्रहणी या दोन्ही व्याधींच्या चिकित्सेत तक्राचा पुरस्कार आहे. विरजणातले जंतू शर्करेचा काही भाग आम्लात पालटतात आणि उरलेली पचविण्याचे द्रव्य स्वतःबरोबर आणतात, हे आधुनिकांनी सिद्ध केले. आमच्या आयांना ते अनुभवाने माहीत होते. ताकाला जाऊन भांडे लपविण्याची म्हण ज्या समाजात जन्मली, त्या समाजात ताक मागणे ही नित्याची गोष्ट होती. माझ्या लहानपणी ज्या घरी पहाटे डेऱ्यात रवी घुमत असे, त्या घरच्या ओसरीवर शेजारणी लोटे घेऊन येत, आणि ताकाचे पैसे घेणे कमीपणाचे मानले जाई. 1970 साली दुधाचा महापूर योजना सुरू झाली, गावोगावी संकलन केंद्रे निघाली, फॅटवर भाव मिळू लागला, आणि धारेचे दूध किटलीतून थेट केंद्रावर जाऊ लागले. त्या पैशाने किती मुले शिकली हे मी पाहिले आहे, आणि त्या पैशाला मी नावे ठेवणार नाही. परंतु घुसळण थांबली, आणि लोणी काढून उरलेले जे पेय गावातल्या दरिद्री पोटाला फुकट मिळत होते, ते नाहीसे झाले, याची नोंद आपल्या एकाही अहवालात मला आढळत नाही. माझ्या दवाखान्यात ग्रहणीचा रोगी आला म्हणजे मी आजही प्रथम ताकाविषयी विचारतो, आणि पुष्कळदा उत्तर येते, 'आता कुठलं ताक, डॉक्टर?'

वेळ संपत आल्याची सूचना मला मिळाली आहे. माझी विनंती एवढीच, की प्रत्येक सभासदाने आपल्या रोगपत्रकावर 'दूध सोसते काय' असा रकाना घालावा, रोग्याच्या शब्दांत उत्तर लिहावे, आणि पुढील संमेलनात या नोंदी एकत्र कराव्यात. त्या कशा गोळा करावयाच्या आणि पडताळावयाच्या, हे विषयनियामक समितीने सवडीने ठरवावे. मी माझ्या पत्रकावर तो रकाना त्या आषाढातच शाईने आखून घेतला. पहिली नोंद तिची आहे.