रेकॉर्डवर नाव कुणाचं? : १९७२ सालच्या पाच तबकड्या
(तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण)



निरोप असा आला की, आवडत्या रेकॉर्डींवर बोल. रॉकवर बोल, आणि ज्या मातीतनं रॉक उगवला त्या काळ्यांच्या गाण्यावर बोल. मी १९७२ हे साल धरलं. १९६६ साली अमेरिकेत ओकलंड शहरात ब्लॅक पँथर पार्टी निघाली आणि १९७२ साली आपल्या मुंबईत दलित पँथर. नाव तिकडून आलं हे आपण भाषणात ठोकून सांगतो. पण ज्यांचं नाव घेतलं ते लोक त्या साली गात काय होते, हे कुणी सांगत नाय. ते आज सांगतो. ह्या पाची रेकॉर्डी आज मोबाइलवर ऐकायला मिळतात. इंग्लिश येत नाय ही सबब नको. ढोलकी कळायला इंग्लिश लागत नाय.

ऐकताना एकच प्रश्न डोक्यात ठेवा. गातो कोण, रेकॉर्डवर नाव कुणाचं, आणि पैसा कुणाच्या खिशात?

पहिली रेकॉर्ड जमैकाची. 'द हार्डर दे कम' ह्या पिक्चरची गाणी. जिमी क्लिफ, टूट्स अँड द मेटल्स, डेस्मंड डेकर, द मेलोडियन्स. रेगे जमैकाच्या बाहेर पोचवण्यात ह्या एका रेकॉर्डीचा मोठा हात. पिक्चर पेरी हेन्झेलचा, हिरो खुद्द जिमी क्लिफ. गोष्ट आपल्याला नवी नाय. खेड्यातला पोरगा किंग्स्टन शहरात येतो, धड काम मिळत नाय, गाणं रेकॉर्ड करतो. प्रोड्यूसर हातावर वीस डॉलर टेकवतो आणि म्हणतो, सही कर. पोरगा गाणं स्वतः विकायला दारोदार फिरतो, तर सगळी दारं त्याच प्रोड्यूसरच्या मुठीत. शेवटी सही करतो. पुढं तो बंदूक घेऊन पोलिसांपासून पळत असतो आणि गाणं गावभर वाजत असतं. वीस डॉलरमध्ये मिटलेला सौदा.

आणखी एक गंमत. ह्या पिक्चरमधली माणसं इंग्लिशच्याच पोटची वस्तीची बोली बोलतात. अमेरिकेत दाखवताना पडद्यावर खाली इंग्लिश अक्षरं छापावी लागली. म्हंजे इंग्लिशला इंग्लिश कळेना. आपल्या कवितेला शब्दार्थ जोडा म्हणणारे प्रस्थापित संपादक आठवा.

दुसरी रेकॉर्ड गोऱ्यांची. रोलिंग स्टोन्सची 'एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट', दोन तबकड्यांची. इंग्लंडचा टॅक्स चुकवायला ही मंडळी फ्रान्सला गेली आणि तिथल्या एका बंगल्याच्या तळघरात बरीचशी रेकॉर्ड केली. रेकॉर्ड झकास आहे, हे आधीच सांगतो. घामट, मळकी, खरडलेली. तिच्यात अँजेला डेव्हिसवर एक गाणंबी आहे. तेव्हा तिच्यावर खटला चालू होता, जून १९७२ मध्ये ज्युरीनं निर्दोष सोडलं. म्हंजे ही पोरं आपली दुश्मन नव्हती. पण त्याच रेकॉर्डीत 'स्टॉप ब्रेकिंग डाऊन' हे गाणं आहे. ते रॉबर्ट जॉन्सनचं. मिसिसिपीचा काळा गिटारवाला, १९३६-३७ साली टेक्सासमध्ये त्यानं २९ गाणी रेकॉर्ड केली आणि १९३८ साली २७ वर्षांचा असताना मेला. स्टोन्सच्या रेकॉर्डवर त्याचं नाव नव्हतं. तिथं छापलं होतं, 'पारंपरिक'. खाली बसवणारे म्हणून स्वतःची नावं.

'पारंपरिक' म्हंजे काय? म्हंजे कुणाच्या बापाचं नाय. ज्याला बाप नाय ते गाणं कुणीबी उचलावं. तिकडं ते भांडण कोर्टात गेलं आणि २००० साली अमेरिकेच्या अपील कोर्टानं निकाल दिला की ही गाणी बेवारस नाहीत. मिसिसिपीत खडीचा ट्रक चालवणारा जॉन्सनचा मुलगा वारस ठरला. बाप मेल्यावर ६२ वर्षांनी. आणि इकडं? तमाशा महार-मांग-कोल्हाट्यांनी जगवला, त्यांच्या चालींवर पिक्चर उभे राहिले, आणि त्यांची नावं ह्याच एका शब्दाखाली गाडली. आपण कोर्टात तर सोडाच, चावडीवरबी विचारलं नाय.

तिसरी, अरेथा फ्रँकलिनची 'अमेझिंग ग्रेस'. १३ आणि १४ जानेवारी १९७२, लॉस एंजेलिसमधली वॉट्स ही काळ्यांची वस्ती. १९६५ साली इथंच पोलिसांविरुद्ध उठाव होऊन ३४ माणसं मेली होती. त्या वस्तीतल्या चर्चमध्ये, जेम्स क्लीव्हलंड आणि गाणाऱ्यांच्या ताफ्याबरोबर, लोकांसमोर केलेली ही रेकॉर्ड. देव-बिव आपण मानत नाय. पण २९ वर्षांची बाई गात असताना मागून माणसं हुंकार देतात तो ऐका. आपल्या जलशात होतं तेच. शूटिंगबी झालं होतं, पण चित्र आणि आवाज जुळेना म्हणून डबाबंद पडलं. पिक्चर लोकांसमोर आला २०१८ साली, अरेथा गेल्यावर. त्यात मागच्या बाजूला मिक जॅगर बसलेला दिसतो. शिकायला कुठं यावं लागतं, ते त्याला बरोबर ठाऊक होतं.

ज्या भजनाचं नाव रेकॉर्डीला दिलं ते लिहिलं जॉन न्यूटननं, अठराव्या शतकात. तो आधी गुलामांच्या बोटीवर कप्तान होता. पुढं पाद्री झाला आणि त्या धंद्याविरुद्ध लिहिलं. मी गोदीत बोटी खाली करतो. बोटीच्या पोटातला उकाडा मला माहीत आहे. त्या पोटात माल म्हणून माणसं कोंबली होती. कप्तानाचं भजन त्याच माणसांच्या लेकीनं असं उचललं की कप्तान राहिला मागं. हे उचलणं मला मंजूर आहे. 

चौथी, कर्टिस मेफिल्डची 'सुपरफ्लाय'. पिक्चर कोकेन विकणाऱ्या एका काळ्या तरुणाचा, त्याची गाडी, त्याचे कपडे, त्याचा रुबाब. मेफिल्डनं गाणी मात्र उलटी लिहिली. पडद्यावर रुबाब चाललाय आणि रेकॉर्डीतलं गाणं सांगतंय की ह्या धंद्यात फ्रेडी मेला. आपल्या वस्तीत गर्दुल्ले झालेल्या पोरांची नावं घ्यायला मी लागलो तर ही बैठक संपायची नाय. आणि महत्त्वाचं, रेकॉर्ड निघाली ती मेफिल्डच्याच 'कर्टम' कंपनीतून. १९९० साली स्टेजवर लाइटचा सांगाडा अंगावर पडून हा माणूस मानेखाली लुळा झाला. तरी उताणा पडून एकेक ओळ गात त्यानं १९९६ साली अख्खी रेकॉर्ड केली.

पाचवी, स्टीव्ही वंडरची 'टॉकिंग बुक'. आंधळा पोरगा, अकराव्या वर्षी मोटाऊन कंपनीत गेला. १९७१ साली २१ वर्षांचा झाला, जुना करार संपला, तेव्हा तो अडून बसला. गाण्यांचे हक्क माझे, रेकॉर्ड कशी करायची ते मी ठरवीन. मिळवलं त्यानं. त्यानंतरची ही रेकॉर्ड, कव्हरवर ब्रेलची उठलेली अक्षरं. बहुतेक वाद्यं त्यानंच वाजवलेली. ह्याच साली तो स्टोन्सच्या अमेरिकन दौऱ्यात त्यांच्या आधी गात होता. पण सही कुठं करायची आणि कुठं नाय, हे त्याला कळलेलं होतं.

आता आपल्या घरात या. गेल्या ६ डिसेंबरला दादरच्या फुटपाथवर मी भीमगीतांचा एक पेनड्राइव्ह घेतला. शंभराच्या वर गाणी. चार-पाच मला वामनदादा कर्डकांची म्हणून ओळखू आली, बाकी कुणाची, पत्ता नाय. कवीचं नाव नाय, गाणारणीचं नाय, ढोलकीवाल्याचं तर नायच. वामनदादा उभं आयुष्य गावोगाव पायपीट करून लिहीत-गात गेले. त्यांची गाणी आपणच 'पारंपरिक' करायला निघालोय. ह्यात ब्राह्मणी व्यवस्थेकडं बोट दाखवून सुटका नाय. पेनड्राइव्ह विकणारा आपला, घेणारा आपला.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. स्टेजवर गाणं म्हणायच्या आधी कवीचं नाव घ्यायचं. आणि प्रत्येक वस्तीत एक वही करायची. गाणं कुणी लिहिलं, चाल कुणाची, आधी कुणी गायलं, साल कोणतं. म्हातारीकोतारी आहेत तोवर विचारून घ्या. पोरांनो, पुढं रेकॉर्डिंगवाला कागद पुढं करील तेव्हा वाचल्याशिवाय सही करू नका. समजत नसेल तर चौघांना दाखवा.

वह्या मी आणल्यात, दहा आहेत. रविवारपासून वस्त्या वाटून घेऊ. गोदीमागची वस्ती माझ्याकडं. बाकीच्या कोण कोण घेतंय, बोला.

जय भीम.