वर्णमालेच्या वाटेने इंग्रजी उच्चार



आजच्या विषयाला पुस्तकापेक्षा आपला गळा, बोटं आणि घरातला आरसाच अधिक उपयोगी पडणार आहे. तेव्हा सुरुवात एका छोट्या प्रयोगाने करू. गळ्यावर दोन बोटं ठेवा आणि साप फुसफुसतो तसा 'स्स्स' असा लांब आवाज काढा. आता 'आवाज' या शब्दातला शेवटचा 'ज' तसाच लांबवा, भुंगा गुणगुणल्यासारखा. दुसऱ्या वेळी बोटांना कंप जाणवला ना?

जीभ दोन्ही वेळा जवळजवळ एकाच जागी होती. फरक केला तो गळ्यातल्या स्वरतंतूंनी. फुप्फुसांतून येणारी हवा त्यांच्यामधून जाते. ते जवळ येऊन थरथरले की ध्वनी घोष होतो, उघडे राहिले की अघोष. बोलताना पुरुषांचे स्वरतंतू सेकंदाला साधारण १०० ते १२५ वेळा आणि स्त्रियांचे २००च्या आसपास कंप पावतात. एवढ्याशा थरथरीने इंग्रजीत अर्थ बदलतो. 'प्राइस' म्हणजे किंमत आणि 'प्राइझ' म्हणजे बक्षीस!

ध्वनी तोंडात कसे घडतात, याचा अभ्यास करणारं शास्त्र म्हणजे स्वनविज्ञान. त्याचा पहिला धडा असा, की अक्षर आणि ध्वनी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंग्रजीची अक्षरं २६, पण ब्रिटिश प्रमाण उच्चारात ध्वनी साधारण ४४ मानतात. २४ व्यंजनं आणि २० स्वर. मग एकेका अक्षराला अनेक कामं करावी लागतात. ओ, यू, जी, एच ही चार अक्षरं 'दो'मध्ये ओ होतात, 'थ्रू'मध्ये ऊ होतात आणि 'रफ'मध्ये चक्क 'अफ' होतात. कॅक्स्टनने १४७६ साली इंग्लंडमध्ये छापखाना आणला आणि स्पेलिंग हळूहळू गोठत गेलं. उच्चार मात्र नदीसारखे वाहत राहिले. 'नाइफ'च्या स्पेलिंगमधला 'के' एकेकाळी खरोखरच उच्चारला जाई. आज तो फक्त मुलांचे मार्क कापायला उरला आहे.

या गोंधळावर उपाय म्हणून १८८६ साली पॅरिसमध्ये काही भाषाशिक्षक एकत्र आले आणि त्यांच्या संघटनेतून पुढे आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी तयार झाली. एका ध्वनीला एक चिन्ह, हे तिचं सूत्र. चांगल्या इंग्रजी शब्दकोशात शब्दापुढे तिरप्या रेघांमध्ये जी अनोळखी चिन्हं दिसतात, ती हीच.

पण श्रोतेहो, एका ध्वनीला एक चिन्ह ही कल्पना आपल्याला नवी आहे का? 'क' म्हणा, मग 'च', 'ट', 'त' आणि 'प'. उच्चाराची जागा घशाकडून पुढे सरकत सरकत ओठांवर येते. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. प्रत्येक ओळीतही क्रम आहे. आधी अघोष, मग घोष, शेवटी अनुनासिक. शिवाय श्वासाचा झोत कमी की जास्त, यावरून अल्पप्राण आणि महाप्राण. आपल्याकडच्या प्रातिशाख्य ग्रंथांतला हा विचार पाहून एकोणिसाव्या शतकातले पाश्चात्त्य विद्वान थक्क झाले. अमेरिकेतल्या व्हिटनी यांनी १८६२ साली अथर्ववेदाचं प्रातिशाख्य भाषांतरासह छापलं. पहिलीतल्या मुलाला आपण बाराखडीबरोबर तोंडाचा नकाशाच देतो, फक्त तो नकाशा आहे हे सांगायचं विसरतो.

हाच नकाशा घेऊन आता इंग्रजीच्या गावात जाऊ. चार वळणं सांभाळली तरी पुष्कळ झालं.

पहिलं वळण 'ट' आणि 'ड'चं. आपला 'ट' म्हणताना जीभ मागे वळून टाळूला लागते, 'त' म्हणताना दातांना. इंग्रज माणूस 'टेबल' म्हणताना जिभेचं टोक या दोन्हींच्या मध्ये, वरच्या दातांमागच्या हिरडीच्या उंचवट्यावर टेकवतो. जीभ जरा पुढे आणली, की काम झालं.

दुसरं वळण श्वासाचं. ओठांपुढे कागदाचा कपटा धरा. मराठी 'पान' म्हणताना तो जेमतेम हलेल. इंग्रज माणसाच्या 'पेन'ला तो फडफडतो, कारण शब्दाच्या सुरुवातीला त्याचा 'प' थोडा महाप्राण होतो. आपण 'पॅक' कोरडा म्हटला, तर त्याला 'बॅक' ऐकू येऊ शकतो. गंमत म्हणजे 'स्पिन'मध्ये 'स'नंतर आलेला त्याचा 'प' अगदी आपल्यासारखा असतो, आणि हा फरक तो स्वतः करतो याची त्याला कल्पनाही नसते!

तिसरं वळण ओठ आणि दातांचं. आरसा इथे हवा. 'व्हाइन' म्हणजे वेल. तिथे वरचे दात खालच्या ओठावर टेकतात. 'वाइन' म्हणजे द्राक्षांची दारू. तिथे दात दूर आणि ओठ शीळ घातल्यासारखे गोल. आपला 'व' या दोघांच्या मध्ये कुठेतरी आहे. तसंच 'थिंक' आणि 'दिस' या शब्दांचं. आपले 'थ' आणि 'द' हवा क्षणभर पूर्ण अडवतात. इंग्रजीत जिभेचं टोक दातांशी हलकेच धरून हवा सतत जाऊ द्यायची असते.

चौथं वळण सर्वांत महत्त्वाचं आणि सर्वांत दुर्लक्षित. ते म्हणजे आघात. मराठीत आपण शब्दातली अक्षरं साधारण सारख्या वजनाने बोलतो. इंग्रजीत एक अक्षर ठसठशीत आणि बाकीची दबलेली. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्यावर, 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्यावर, 'फोटोग्राफिक'मध्ये तिसऱ्यावर. दबलेल्या जागी आपल्या 'अ'च्या जवळचा एक पुसट स्वर येतो, आणि तोच इंग्रजीतला सर्वाधिक वापरला जाणारा स्वर आहे. म्हणून 'फटॉग्रफर' असं काहीसं ऐकू येतं. 'ट' थोडा इकडेतिकडे झाला तरी ऐकणारा समजून घेतो. जोर चुकीच्या जागी पडला, तर त्याला शब्दच सापडत नाही.

हे सगळं कशासाठी शिकायचं? साहेबासारखं बोलण्यासाठी मुळीच नाही. अनेक वर्षं शिकवताना मी पाहत आले आहे, की मराठी माध्यमातून आलेली हुशार मुलं विषय येत असूनही मुलाखतीत गप्प बसतात. त्यांना वाटतं, आपल्या जिभेतच काही खोट आहे. शॉच्या 'पिग्मॅलियन'मध्ये फुलवालीची पायरी तिच्या उच्चारांवरून ठरते, आणि पुलंनी 'ती फुलराणी'त तोच प्रश्न मराठीत आणला. 'पाणी'ला 'पानी' म्हणणाऱ्याला आपणही हसतो. 'न' आणि 'ण'मध्ये जिभेच्या जागेचा फरक आहे, बुद्धीचा नाही.

विमानांचं उदाहरण घ्या. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने वैमानिकांसाठी इंग्रजीच्या सहा पातळ्या ठरवल्या आहेत आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी किमान चौथी लागते. तिच्या वर्णनात उच्चारांवर मातृभाषेची छाप असायला हरकत नाही. त्या छापेमुळे ऐकणाऱ्याला अडचण कधीतरीच यावी, एवढीच अट. शेकडो जिवांची जबाबदारी असलेल्या माणसाला जी सवलत आहे, ती बारावीच्या मुलाला आपण का नाकारावी?

तेव्हा घरात मूल इंग्रजी वाचत असेल, तर चुकल्यावर हसू नका. जीभ कुठे टेकली, गळा थरथरला का, ओठ गोल झाले का, एवढंच विचारा. आठवड्याला शब्दांची एकच जोडी घ्या, आरशासमोर दहा वेळा म्हणा आणि शब्दकोशात जोर कुठे दाखवला आहे ते पाहा. बाकीची तयारी आपल्या 'क, ख, ग'ने केव्हाच करून ठेवलेली आहे.