नोटेवरची सही आणि माणसाची पत

(भिवंडी येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



भिवंडीत सूत उधारीवर येते, कापड उधारीवर जाते आणि या दोन उधाऱ्यांच्या मध्ये मजुरी मात्र रोख चुकवावी लागते. पत म्हणजे काय, हे या यंत्रमागांच्या नगरीला पुस्तकातून शिकविण्याची आवश्यकता नाही. व्यक्तीची पत असते, तशीच राष्ट्राचीही असते. जगाच्या पेढीवर भारताची पत ज्यांनी उभी केली, त्यांत चिंतामण द्वारकानाथ देशमुख हे नाव अग्रभागी आहे.

रायगडाच्या परिसरातील नाते या गावी १४ जानेवारी १८९६ रोजी चिंतामणरावांचा जन्म झाला. वडील रोह्याला वकिली करीत. १९१२ साली मॅट्रिकच्या परीक्षेत ते मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनीच मिळविली. केंब्रिजला त्यांनी वनस्पतिशास्त्राचा अभ्यास केला. १९१८ साली आय.सी.एस.च्या परीक्षेत ते पहिले आले. बँकिंगची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. होती ती शिस्तबद्ध बुद्धी आणि मध्य प्रांतातील प्रशासनाचा दीर्घ अनुभव. १९३९ साली ते रिझर्व्ह बँकेत आले आणि ऑगस्ट १९४३ मध्ये तिचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.

तो काळ महायुद्धाचा होता. ब्रिटन युद्धासाठी भारतातून माल उचलत होते. त्याचे मोल पौंडांच्या रूपाने लंडनमध्ये साचत होते. येथे मात्र त्या पौंडांच्या आधारावर नोटा छापल्या जात होत्या. महागाईने सामान्य माणूस होरपळत होता. कर्जदार भारत सावकार झाला खरा, पण आपलेच पैसे मागण्याचे स्वातंत्र्य या सावकाराला नव्हते.

जुलै १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे ४४ राष्ट्रांची परिषद भरली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक या दोन्ही संस्थांचा पाया तेथे घातला गेला. भारतीय शिष्टमंडळाचे नेतृत्व सर जेरेमी रेझमन या ब्रिटिश अधिकाऱ्याकडे होते; चिंतामणराव त्या मंडळाचे सदस्य होते. लंडनमध्ये अडकलेल्या पौंडांचा प्रश्न नाणेनिधीने हाताळावा, ही भारताची मागणी परिषदेने मान्य केली नाही. पण मागास राष्ट्रांच्या विकासाचा विषय भारताने तेथे ठामपणे मांडला. नाणेनिधीत भारताला ४० कोटी डॉलरचा हिस्सा मिळाला. पुढे सोव्हिएत रशिया बाहेर राहिल्याने भारत पहिल्या पाच राष्ट्रांत गणला गेला.

परतंत्र देशाचा हा प्रतिनिधी सहा वर्षांनी, १९५० साली, पॅरिस येथे याच दोन्ही संस्थांच्या संयुक्त वार्षिक सभेत अध्यक्षस्थानी विराजमान झाला. जगाचे अर्थमंत्री समोर बसले होते आणि सभेची सूत्रे कोकणातील एका सुपुत्राच्या हाती होती.

त्याच वर्षी ते केंद्रीय अर्थमंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीत इंपीरियल बँकेची १ जुलै १९५५ रोजी स्टेट बँक झाली. पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडण्याचे बंधन कायद्यानेच तिच्यावर घातले. बँक केवळ महानगरांतील बड्या पेढ्यांसाठी नाही, ती तालुक्याच्या गावीही पोहोचली पाहिजे, हा त्यामागील विचार होता.

त्यांची खरी कसोटी लागली ती १९५६ साली. मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्रशासित करण्याचा घाट घातला गेला. मुंबईच्या रस्त्यांवर गोळीबारात माणसे पडली. न्यायालयीन चौकशीची मागणी नाकारली गेली. मुंबईचा निर्णय मंत्रिमंडळात विचारविनिमय न होता जाहीर झाला, असा आक्षेप चिंतामणरावांनी लोकसभेत स्पष्ट शब्दांत नोंदविला आणि अर्थमंत्रिपद सोडले. ज्या मुंबईच्या बाजारपेठेवर भिवंडीचे माग चालतात, ती मुंबई महाराष्ट्राबाहेर गेली असती, तर काय झाले असते, याची कल्पना येथील व्यापाऱ्याने करून पाहावी.

पद गेले, कार्य थांबले नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांनी भूषविले. कालिदासाचे मेघदूत त्यांनी मराठीत आणले. १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत भारतीय जनसंघ आणि स्वतंत्र पक्ष यांनी त्यांना पाठिंबा दिला. ते तिसरे आले. त्या पराभवाने त्यांची प्रतिष्ठा उणावली नाही. १९७५ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले.

रिझर्व्ह बँकेच्या नोटेवर गव्हर्नर म्हणून उमटलेली पहिली भारतीय सही चिंतामणरावांची होती. नोट म्हणजे शेवटी एक वचन असते आणि वचनाचे मोल सही करणाऱ्याच्या चारित्र्यावर ठरते. खुर्ची मिळविणारे पुष्कळ असतात. तत्त्वासाठी ती सोडू शकतो, त्याच्याच सहीवर समाज निःशंकपणे विश्वास टाकतो. पेढी गावातील असो वा जगाची, तिचे खरे भांडवल हेच होय.